सोनशेंडी

पावणेआठ. अजून नीट उजाडलेलं नाही.
चर्चच्या मागच्या पार्किंगमध्ये
मिनीबसची काच मी लायब्ररीच्या जुन्या कार्डाने खरवडते
आणि एकेक जण येतो, बूट आपटत:
सेनगा, दोन थर्मास आणि गेल्या खेपेची तक्रार घेऊन;
कॅलन, अकरा वर्षांचा, आईने फोन काढून घेऊन पाठवलेला;
सगळ्यांत शेवटी इनिस, सत्त्याऐंशीचा,
दुर्बीण कोटाच्या आत, पोटाशी,
जणू थंडी तिलाच वाजते.

ओहोटीला सॉल्वेचा किनारा कुठे संपतो
हे समुद्रालाही सांगता यायचं नाही.
चिखल, मग चकाकता चिखल, मग आभाळ.
लाकडी लपणात आम्ही सात जण
फळ्या वर करून बसतो.
बाकावर हिव, नाकाला पाणी,
बोलायचं ते कुजबुजत,
आजारी माणसाच्या खोलीत बोलावं तसं.

"स्पिट्सबर्गनहून आलेत," सेनगा दर वर्षी सांगते,
तिनेच तिकिटं काढून दिल्यासारखी.
काळे-पांढरे कलहंस, कुरणभर,
हजारो, आणि हजारोंचं मिळून एकच भांडण,
कुत्र्याची पिल्लं भरलेल्या गोणीसारखं.
मोजणी माझ्याकडे. अंगठ्याखाली क्लिकर.
आधी दहांचा घास डोळ्यांनी उचलायचा, मग शंभरांचा.
तीन हजार दोनशेपर्यंत आले असेन
तोच कुठूनसा बहिरी ससाणा
आणि अख्खं कुरण उठलं.
आकडा गेला. कुणी काही बोललं नाही.
सेनगा बोलली. ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परतीची वाट स्प्रूसच्या रांगेतून जाते.
इथे इनिस दर हिवाळ्यात थांबतो,
बोट वर करतो, आम्हा सगळ्यांना गप्प करतो:
सोनशेंडी.
पाच ग्रॅमचा जीव, माथ्यावर पिवळी रेघ,
आवाज सुईच्या नेढ्यातून ओढलेल्या दोऱ्याएवढा.

आजही थांबला. बोट वर.
आम्ही गप्प.
वर, काळ्या फांद्यांत, तो बारीक आवाज येतच होता,
सी-सी-सी, अगदी डोक्यावर.
इनिसने बोट खाली घेतलं.
"आज नाहीत," म्हणाला.

सेनगाने माझ्याकडे बघितलं, मी बुटांकडे.
उंच सूर आधी जातात, मला माहीत आहे.
माझ्या वडिलांची आधी किटलीची शिट्टी गेली,
मग दारावरची घंटा,
मग माझी आई.

कॅलनला असलं काही ठाऊक नव्हतं.
"आहेत की," तो म्हणाला, चांगला मोठ्याने,
"तीन. नाही, चार."

इनिस वळला त्याच्याकडे.
दूर खाडीत एक कोरल ओरडली, लांब, पाण्यासारखी,
तेवढी त्यालाही ऐकू आली असावी.
मग खिशातून वही निघाली,
एकसष्ट सालापासूनची एकोणिसावी,
पेन्सिलीचं टोक जिभेला लागलं.
"कुठे?"
पोराने दाखवलं. म्हाताऱ्याने दुर्बीण लावली.
एक फांदी हलली, किंवा वारा असेल.
"दिसत नाही. न पाहिलेलं, न ऐकलेलं
मी लिहीत नसतो," म्हणाला,
आणि वही पोराच्या छातीवर टेकवली.
"तू ऐकलंस, तू लिही. पुढे नाव घाल तुझं.
अक्षर वाचता येईल असं."

कॅलनने हातमोजा दातांनी ओढून काढला.
बराच वेळ लावला लिहायला.
मध्येच मान वर केली, खोडलं,
चारचे पाच केले.

बसचा हीटर अजून दुरुस्त झालेला नाही.
इनिस खिडकीला टेकून झोपला, तोंड उघडं,
सेनगाने तिचा मफलर त्याच्या गुडघ्यांवर टाकला
आणि मी टाकला नाही अशा चेहऱ्याने बाहेर बघत बसली.
"हंस किती झाले मग?" कॅलनने मागून विचारलं.
रात्री फॉर्म भरताना मी लिहिलं:
तीन हजार दोनशे, आणि पुढे.
पुढे किती,
त्याला रकाना नाही.