सात मिनिटं

कार्यक्रमपत्रिकेत त्यांची नावं नव्हती.
"दोन कवींच्या मध्ये स्थानिक गायिका, सात मिनिटं",
एवढंच. तेवढ्यात मी
अर्धवर्तुळातल्या खुर्च्या उचलायच्या
आणि परिसंवादासाठी टेबल लावायचं.
पिरेतबाईंनी दोनदा बजावलं होतं,
आवाज न करता, आर्वो.

शाळेचं सभागृह. भिंतीला व्यायामाच्या शिड्या,
विक्रीच्या टेबलावर मध, लोकरी मोजे, धुरावलेले मासे,
आणि उरलेल्या जागेत पुस्तकं.
टालिनहून आलेला कवी
शांततेवरच्या सोळा कविता वाचून खाली बसला.
टाळ्या पडल्या, इस्त्री केलेल्या.

मग त्या आल्या.
दिसण्याआधी ऐकू आल्या.
छातीवर पालथ्या वाडग्याएवढं चांदीचं पदक,
त्याखाली साखळ्या, जुन्या राजांची नाणी,
पणजीच्या पणजीकडून उतरलेलं ओझं
पावलागणिक झणाणत.
ध्वनीयंत्रणेचा पोरगा माइक अडकवायला गेला
तर ओक्सेने त्याचा हात धरला,
"कुठे लावतोस बाळा? इथे आधीच दाटी आहे."

सहाजणी. सात हव्या होत्या.

सरहद्द इथून सात किलोमीटर.
वास्सा पलीकडे राहते, पेत्सेरीत.
कागद होते, शिक्का होता,
पहाटेपासून टोपली घेऊन रांगेत होती.
दुपारी फोन आला, आज फाटक बंद.
का, ते फाटकालाही ठाऊक नाही.

आमच्या सेतो बायकांचं गाणं असं चालतं.
पुढची एक ओळ टाकते,
बाकीच्या खालून झील धरतात,
ओल्या लोकरीसारखी, जड,
आणि एकच आवाज सगळ्यांच्या डोक्यावरून
तिरपा निघतो, पत्र्यावर सुई ओढावी तसा.
तो शिकवता येत नाही.
तो वास्साचा.

ओक्से पाठ केलेलं कधी गात नाही.
समोर दिसेल ते गाते.
त्या दिवशी तिला मी दिसलो.

आर्वो उचलतो खुर्च्या, आर्वोची कंबर धरली
(कंबर धरली गं, कंबर धरली)
कवी बसला शांततेवर, ती खुर्ची तेवढी राहू दे
(राहू दे गं, राहू दे)
बाईंच्या हाती घड्याळ, घड्याळाला कान नाहीत

लोक हसले. टालिनचा कवीही,
जरा उशिरा.
मी चार खुर्च्या काखेत घेऊन तसाच उभा.

मग तिने मान वळवली, पूर्वेच्या खिडकीकडे.

एका कुलपाला दोन किल्ल्या, दोन किल्ल्या दोन गावांत,
रस्त्यात वास्साची टोपली, टोपलीत पाव थंड झाला

पाचजणींनी झील धरली.
वरची जागा आली.
नातलीला जमलं असतं, थोडंफार.
तिने ओठ मिटून घेतले.
वर फक्त ट्यूबलाइटची गुणगुण,
आणि ती जागा संपेचना, संपेचना,
आणि माझ्या काखेतली एक खुर्ची सुटली.

लोखंडी पाय फरशीवरून घसरत गेला,
लांब, चिरकत,
नेमका त्या उंचीवर.

पिरेतबाईंनी डोळे मिटले.
ओक्सेने माझ्याकडे पाहिलं
आणि पुढची ओळ तिथूनच उचलली.

सात मिनिटांची तेवीस झाली.
"लोककलांचं भवितव्य" हा परिसंवाद
दहा मिनिटांत आटोपला, आणि बराच चांगला झाला म्हणे.

रात्री मी ट्रकमध्ये खुर्च्या रचत होतो.
ओक्से बाजूला उभी राहून फोनवर ओरडत होती,
पलीकडे नीट ऐकू जात नसावं.
"वरचं? वरचं आर्वोच्या खुर्चीने म्हटलं!"
मग बराच वेळ काहीच नाही.
मग तिने फोन कानापासून काढला
आणि छातीवरच्या पदकाला टेकवला.

आतून बारीक, तिरपं काहीतरी येत होतं.
चांदी थरथरत होती.

मी खुर्च्या मोजल्या. एक्याऐंशी.
लक्ष नव्हतं,
पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.