डब्यातलं पत्र

गुणवंतदादाच्या डब्यात
कूलरच्या पंपाचे नट, तांब्याची वायर, दोन जळके कंडेन्सर,
आणि तळाशी घडी घातलेलं रक्तपेढीचं पत्र.
चौदा वर्षांचं. गंजाचा गोल उमटलाय नेमका
‘कृपया येऊन भेटावे’ या ओळीवर.

शिबिर गोळीबार चौकात होतं.
बिस्किटं त्याने माझ्यासाठी खिशात घालून आणली होती.
पत्र आलं तेव्हा मार्च लागलेला,
अर्ध्या पाचपावलीचे कूलर त्याची वाट पाहत.
“दुखून नाही राहिलं ना काही,
मंग कायले जाऊ?”

मग चौदा उन्हाळे तो लोकांच्या खिडक्यांत
गारवा बसवत हिंडला.
दारूचा थेंब नाही.
आणि उजव्या बरगडीखाली कुणीतरी
बिनभाड्याने राहत होतं, भांड्याचाही आवाज न करता.

मेडिकलमध्ये सांगितलं, साडेसात सेंटिमीटर.
मी शिवणकाम करणारी बाई, घरी येऊन टेप काढला.
तीन इंचाला किंचित कमी.
ब्लाउजच्या खांद्याला मी एवढंच धरते.

डॉक्टरांनी विचारलं, आईची तपासणी झाली होती कधी?
आईला आम्ही काविळीची माळ घातली होती.
माळ लांबत लांबत बेंबीपर्यंत आली
आणि आम्ही खूश, कावीळ उतरून राहिली म्हणून.

गाण्यात काळीज, खाटकाकडे कलेजी, रिपोर्टात लिव्हर.
एकाच मांसाची ही तीन नावं
मला पन्नाशीत कळली.
काळजी हा शब्दही तिथलाच असणार.

“तेव्हापासून रोज एक गोळी, सहा महिन्यांनी सोनोग्राफी
झाली असती, तर कदाचित…”
डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला.

तान्ह्या पोळ्याला खालून पिवळी मारबत गेली.
रोगराई घेऊन जा गे मारबत, पोरं ओरडत होती.
दादाने उशीवरून मान वळवली.
त्याचे डोळे तिच्याच रंगाचे.

आता माझ्या मशीनच्या खणात, बॉबिनच्या शेजारी,
माझ्या गोळ्यांची बाटली असते. माझंही निघालं.
आज दादाच्या लोकेशला घेऊन रक्ताच्या रांगेत उभी आहे.
तो मोबाइलमधून मान वर न काढता विचारतो,
“आत्या, मले तर काहीच होऊन नाही राहिलं.”

मी म्हणते, बाही वर कर.