टेकू

मार्गशीर्ष अवसेच्या भरतीला
बुरोंडीच्या वाळूवर होडी ओढून घेतली,
नाळ उत्तरेला, लाडघरकडे,
आणि माडांच्या बाजूला कलवून
खाली दोन टेकू ठोकले.
आता पंधरा दिवस ती हलणार नाही.

सकाळचं ऊन डोंगरावरून उतरतं ते थेट पोटात:
फळ्या, वाती, फटीत अडकलेला बांगड्याचा खवला,
सगळं लख्ख.
पाठ मात्र गार. शेवाळ ओलं.
हात फिरवला तर रात्रच लागते हाताला.
दुपार कलली की उलट.
ऊन दर्यावरून येतं, पाठीला भिडतं,
चिकटलेले शिंपले तडतडतात,
आणि पोटात काळोख शिरतो.
होडी कलली आहे तेवढीच. टेकू तेच.

तस्नीम सातवीत आहे, इलियास मुकादमची धाकटी.
स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून म्हणाली,
"काका, बाईंनी सांगितलं, या दिवसांत
सूर्य आपल्याला वर्षातला सगळ्यात जवळ असतो.
जुलैपेक्षा पन्नास लाख किलोमीटर जवळ!
मग मला थंडी का वाजते?"
आणि दम घेऊन,
"अब्बांचं जहाज डर्बनला लागलंय.
म्हणतात, डेकवर अनवाणी पाय ठेववत नाही."

माझी शाळा चौथीपर्यंत.
पण कललेल्या वस्तूंचं मला थोडं कळतं.

डांबराचं पिंप चुलीवर रटरटत होतं.
जाळ्याचा एक नारिंगी बोया घेतला,
भोकातून बांबूची कामटी आरपार घातली,
खडूनं वरच्या अंगाला बुरोंडी, खालच्या अंगाला डर्बन.
"चुलीभोवती फीर. सावकाश.
कामटीचं टोक लाडघरच्या कड्याकडे कललेलं ठेव.
कुठंही गेलीस तरी तिकडेच.
चुलीकडे बघून वळवायचं नाही."

दक्षिणेच्या अंगाला आली
तेव्हा टोक आपसूक जाळावर झुकलेलं.
बुरोंडी तापली, डर्बन खाली सावलीत.
"हा आपला ज्येष्ठ."
ती पुढे निघाली. वाळूत पाय रुतला,
टोक वळणार होतं, सावरलं.
उत्तरेला पोचली. टोक कड्याकडेच,
म्हणजे आता जाळाकडे पाठ करून रेललेलं,
आणि डर्बनचा गाल सरळ धगीसमोर.
"हा आजचा दिवस."

तिनं बोटांत कामटी फिरवून पाहिली.
खडूचं डर्बन कितीतरी वेळ उजेडात राहायचं,
बुरोंडी चटकन मावळायची.
"म्हणून सहा वाजताच आई दिवा लावते," स्वतःशीच.
मग पायांकडे बघून दचकली,
"काका, मी तर मघापेक्षा पाऊलभर आत आलेय.
जाळ जवळ आहे. तरी वरचा भाग गारच!"
मी पिंप ढवळत राहिलो.
काही बोललो असतो तर
तिचं उत्तर माझं झालं असतं.

दिवेलागणीला इलियासचा फोन.
तिकडे अजून टळटळीत दुपार.
बंदराबाहेर हातगाडीवर आंबे आलेत म्हणाला,
पिकलेले, घमघमीत, पण आपल्यासारखे नाहीत हो.
इकडे आमच्या कलमांवर
मोहोर आता कुठं फुटतोय.
तस्नीमनं फोन हिसकावला,
बोया, कामटी, चूल, सगळं एका दमात सांगितलं,
वर बजावलं, "बाठा टाकू नका, घेऊन या,
बघू इथं रुजून तो कुठलं वर्ष पाळतो ते."
फोन परत माझ्याकडे आला तेव्हा
इलियास हसत होता,
"पोरगी म्हणते, अब्बा, तुम्ही उलटे उभे आहात."

आज सकाळी लवकर आलोय.
मुशीचं तेल, ब्रश, चिंध्या, सगळं काढून ठेवलंय.
पाठीला एक हात द्यायचा राहिलाय,
पण ती अजून ओली आहे.
ऊन पोटात आहे.
टेकूला टेकून बसलोय.