मळ्या

चरावण्याच्या व्हाळात, वाकणाच्या खाली,
जिथे पाणी बोलत नाही, नुसतं ओरडतं,
तिथल्या काळ्या दगडाच्या पोटाखाली हात घालून बघ.
थंड, मऊ काहीतरी इंचभर सरकलं
तर तो मळ्या.

बोटाएवढा. रंग दगडाचाच.
हनुवटीखाली चिंचोक्याएवढी गादी,
तिच्यावर सगळा भरवसा.
बाकीचे मासे पाण्याशी भांडत वर जातात.
हा भांडत नाही. टेकतो,
शेवाळ खरवडतो,
आणि पूर डोक्यावरून जाऊ देतो.

वाळपईच्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही.
तिथे बांगडे, पेडवे बर्फावर पसरलेले,
मोठ्या घरचे पाहुणे असल्यासारखे.
फटी गावस तेवढा
उन्हाळ्यात पाच-सहा धरून आणायचा,
सोलं, मीठ, तिरफळं लावून हळदीच्या पानात भाजायचा
आणि म्हणायचा,
खायला काय, काटाच.
पण सगळा व्हाळ जिभेवर येतो.

त्याचा नातू रोहिदास कळंगुटला कामाला लागला.
काचेची टाकी, निळा दिवा,
दहा मिनिटांचे दोनशे रुपये.
लोक पाय सोडून बसतात,
मासे टाचांची मेलेली कातडी खातात,
बायका किंचाळतात, नवरे फोटो काढतात.
मासे परदेशातले, पिशवीत हवा भरून आलेले.
पण तोंड वळवलं की ओळख पटते.

रात्री त्याने फोन केला :
आजो, आपल्या मळ्याचा गोतावळा
इथे नोकरीला आहे.

पलीकडे बराच वेळ नुसता रातकिडा.
मग : पाणी वाहतं का रे?
नाही. पंप आहे. बुडबुडे येतात.
मग धरतात कशाला?

रोहिदासला कळेना,
कशाला म्हणजे कोणत्या वस्तूला
की कशासाठी.
लादी पुसायची राहिली होती. त्याने फोन ठेवला.

चवथीला दोन दिवसांची रजा.
माटोळीला कांगलां आणायला म्हणून गेला
आणि वाकणाखाली चपला काढून बसला.
पाय पाण्यात सोडले.
दिवसभर ओल्या लादीवर उभं राहून
भेगा पडलेले, गिऱ्हाइकांसारखेच.

वाट बघितली.
एक दगडावरून दगडावर गेला,
सावलीसुद्धा पडली नाही त्याची.
दुसरा होता तिथेच, शेवाळात तोंड घालून.
पायांकडे कुणी फिरकलं नाही.

वरून फटीची हाक आली, मग पुन्हा एकदा.
पाय बधिर झाले होते,
उठताना त्याला दगड धरावा लागला.
कांगलां आणायची
तशीच राहिली.