कैफियत, उशिरा

समन्स आलं तेव्हा मी सफरचंदांची खोकी बांधत होतो.
बोटांना डिंक होता, सही करताना तो कागदाला लागला.
तीस दिवस, बेलिफ म्हणाला,
फार तर नव्वद.

आज एकशे सदतिसावा.
रिकाँग पिओच्या कोर्टात ठाकूर वकील उभे राहून सांगतायत
की टापरीजवळ दरड कोसळली होती,
की प्रतिवादी तंडुप नेगी, वय एकोणसाठ, यास गुडघ्याचं दुखणं,
की उशीर हेतुपुरस्सर नाही,
सबब माफ व्हावा.

दरड खरी आहे. अकरा दिवस.
बाराव्या दिवशी माझीच खोकी घेऊन ट्रक खाली गेला.
गुडघाही खरा,
पण तो पंधरा वर्षं दुखतोय
आणि तो घेऊनच मी रोज बागेत चढतो.

उरलेले दिवस मी परिच्छेद चारपाशी बसून होतो.

पहिल्यात चतुःसीमा:
पूर्वेला पाटाचं पाणी, पश्चिमेला गोम्पाची जमीन,
उत्तरेला कडा, दक्षिणेला जर्दाळू.
कबूल.
दुसऱ्यात बाप मेल्याची तारीख. कबूल.
तिसऱ्यात रिवाज, की आमच्यात लेकीला जमिनीत वाटा नसतो.
तिथे वकिलांनी लाल रेघ मारली, इथे जोर द्यायचा.

चौथ्यात एवढंच:
शेवटची सहा वर्षं बापाचं हगणंमुतणं वादीने काढलं.

नाकबूल लिहा, वकील म्हणाले,
सगळंच नाकबूल लिहायची पद्धत असते, मागाहून बघू.
चार अक्षरं.
बर्फ पडलं, बर्फ वितळलं,
बायको रोज संध्याकाळी बंबात लाकडं सारायची
आणि कागदाकडे बघून काही बोलायची नाही.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
उशीर माफ. पाचशे रुपये खर्च वादीला द्यावा.
कैफियत दाखल.

बाहेर बाकावर झांगमोने नोटा मोजल्या,
गुडघ्यावर कागद ठेवून पावती लिहिली.
मग म्हणाली,
रस्ता तर अकरा दिवसांत खुला झाला होता ना रे?

चारपुढे काय टाइप झालंय
ते सही करताना मी पाहिलं नाही.
पाहिलं नाही म्हणजे, पान उलटून धरलं होतं.

आता प्रत तिच्या हातात आहे.
बोटाला थुंकी लावून ती पानं सोडवते, बापासारखी,
ओठ हलवत वाचते.
एक.
दोन.
मी जिन्याकडे बघतो. खाली कुणीतरी बस चालू करून ठेवलीय.