रायबंदरची दुसरी मोजणी

पाच वर्षांपूर्वी या इमारतीला मी चार तारे दिले.
दाराशेजारी पितळी पाटी आहे अजून,
पाटीवर माझं नाव, आणि नावावर
मांडवीच्या खाऱ्या वाऱ्याने धरलेला हिरवा जंग.

पिशवीत आज तेच सामान:
भिंतीत टोचायच्या दोन सुया,
ऊन रंगांत दाखवणारा कॅमेरा,
काड्यापेटीएवढे आठ नोंदक.
दर पंधरा मिनिटांनी हवा किती ओली, किती तापली
एवढं लिहितात ते,
मत देत नाहीत.

कचेरी जुन्या दस्तऐवजांची. कोमुनिदादींचे हिशेब,
बांध कुणी घातला, खाजन कुणाच्या वाट्याला आलं,
सगळं शाईत.
एर्मेलिंदा बाईंनी एक वही उघडून माझ्यासमोर ठेवली.
पानं एकमेकांना चिकटलेली,
कडेने करडी बुरशी, मऊ, मांजराच्या कानासारखी.
"बिल उणें जालें," त्या म्हणाल्या, "पूण कागद रडटात."

बिल खरंच उणं झालं होतं.
वर्षाला अकरा हजार युनिटं जायची,
आता सात हजार शंभर.
माझ्या अहवालातली ही ओळ मला पाठ आहे,
दोन परिषदांत वाचून दाखवलीय.

मग मागच्या खोलीत घरघर ऐकू आली.
ओल शोषणारी तीन यंत्रं, रात्रंदिवस चालू,
नंतर आणलेली, दुसऱ्या खात्याने,
दुसऱ्या मीटरवर.
त्यांची चार हजार.
जिन्यावर बसून पेन्सिलीने बेरीज केली.
पुन्हा केली.
शंभर युनिटं जास्त.
आणि तारे चार.

रुझार गवंडी भिंतीवर पंजा टेकून उभा होता,
तापाच्या माणसाला बघावं तसा.
चुना काढून सिमेंट फासलं ते आमच्याच आराखड्यात,
खिडक्या काचेने गच्च बंद केल्या त्याही.
"रेनकोट घातलात हिला," तो म्हणाला,
"आतला घाम कुठून जायचा?"
मी सुया टोचल्या.
आकडा त्याच्याच बाजूने बोलला.

जिन्याच्या वळणावर एक जुनी खिडकी राहून गेलीय.
ठेकेदाराची शिडी तिथवर पोचली नव्हती.
शिंपल्यांची तावदानं, मधे मधे फट,
उजेड येतो तो ताकासारखा.
आठवा नोंदक कुठे ठेवायचा सुचेना
म्हणून तिथे ठेवला होता.
इतर सात जागी ओल अठ्ठ्याऐंशी टक्के,
तिथे एकाहत्तर.

शिडी आखूड होती म्हणून वाचलेली जागा
कोणत्या रकान्यात लिहायची?

रकाने मीच आखलेत.
पहिल्यात वीज, तिसऱ्यात खर्च,
पाचव्यात नव्या मालाने सोडलेला धूर.
भट्टीत आधीच जळून गेलेल्या शिंपल्यांना,
चिरे वाहून आणणाऱ्या होड्यांना
रकाना नाही.
सातवा: इमारतीचं उरलेलं आयुष्य, वर्षांत.
तेव्हा मी साठ लिहिलं होतं.
साठने भागलं की सगळंच हलकं होतं:
काच, सिमेंट, माझी फी.
आणि मोजायला आले होते दोन दिवस,
जानेवारीत,
गोव्यातली भिंत ज्या दिवसांत खोटं बोलत नाही
पण खरंही फार सांगत नाही.

"किती वर्षं टिकेल?" मी रुझारला विचारलं.
"कोण राखणार त्यावर."
तो छिन्नीची धार बघत होता.

या वेळी नोंदक वर्षभर राहतील.
एर्मेलिंदा बाई दर सोमवारी
कुठल्या वहीचं कुठलं पान सुटलं, कुठलं फाटलं,
ते रजिस्टरात लिहिणार आहेत;
मी तो आठवा रकाना म्हणून जोडलाय,
एकक रिकामं ठेवून.

सिमेंट कुठून उकलायला घ्यायचं, रुझारने विचारलं.
मी पाटीकडे बोट दाखवलं.
स्क्रू गंजलेत, फिरेनात.
"राहू दे," तो म्हणाला,
"गिलाव्याबरोबर येईल खाली."