दीड हात

सहमच्या पुढे, खजुरीच्या वाडीत,
शाळा म्हणजे आधी नुसत्या झावळ्या होत्या
आणि मी उतरवलेल्या बत्तीस फळ्या.
मुकादम म्हणाला, बाकं कर. पोरांची नव्हेत,
मोठ्यांची. सुटलेल्यांची.
कशातनं सुटलेले, ते त्यानं सांगितलं नाही.
मी देवगडचा सुतार, चौथी नापास.
माप धरलं: दीड हात उंची.

मगरिबनंतर यायची ती माणसं
बागा शिंपून.
त्याच बागा, तेच धनी,
आता फक्त मजुरीवर.
बाकं बघून जमिनीवर बसली.
म्हातारा नसीब तर बाकाला टेकलासुद्धा नाही.

मास्तर इजिप्तचा, तापट, खडू मोडायचा.
हजेरीत एक रकाना बापाच्या नावाचा.
नसीब म्हणाला, "समुद्र लिहा.
तिकडूनच आणलं मला."
रकाना कोरा राहिला.
त्या रात्री खडू मोडला नाही.

जमजमपाशी पत्र्याची डबी होती,
तंबाखूचा वास, आत चौपदरी कागद.
धन्यानं मरताना दिलेला,
कायदा यायच्या अकरा वर्षं आधी.
"तुम्ही कायद्यानं सुटलात," ती म्हणायची,
"मी कागदानं."
तरी राबली तिथंच. जाते कुठं?

थंडीत तिला अक्षरं लागायला लागली.
एकदा कंदील जवळ ओढून
तिनं घडी उलगडली, बोट ठेवलं, वाचलं:
खजूर. पोती. दोन.
पैसे पोचले.

कुणी हललं नाही.
तिनं पुन्हा वाचलं,
या वेळी एकही चूक न करता.
मग उठली, आणि पहिल्यांदाच
बाकावर जाऊन बसली.
पाय जमिनीला पोचेनात.
माझं माप चुकलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाकं उलटी घालून
पाय कापायला बसलो.
ती शेळ्या घेऊन चालली होती, थांबली.
मी पेटीच्या तळातनं माझा कागद काढला,
मुंबईत अंगठ्याशेजारी सही केलेला,
सगळा अरबीत.
तिनं हात पदराला पुसले.
"नज्जार," ती म्हणाली. म्हणजे मी.
मग बराच वेळ आकड्यापाशी अडली
आणि चार बोटं वर केली. चाळीस.

एजंटानं सहा दाखवली होती.

शेळ्या भुशात तोंड घालत होत्या.
करवत अर्ध्या लाकडात अडकलेली.
मी म्हणालो, पुन्हा वाच.